हबीब-भावसिंगचा अन्सार

घाटंजीच्या बाजारओळीत अन्सारचं सायकलीचं दुकान होतं, आणि त्या दुकानात अन्सार कधी निवांत बसलेला कुणी पाहिला नाही. पंक्चर उकिडवं बसूनच काढावं लागतं, तेवढाच काय तो त्याचा बसण्याशी संबंध. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडा शोधता शोधता तो मध्येच उठायचा, रस्त्यापर्यंत जायचा, राळेगावकडून आलेल्या मोटारीतून कोण उतरलं ते बघायचा आणि परत यायचा. तोवर बुडबुडा कुठं होता हे विसरलेला असायचा. गिऱ्हाईक शिव्या घालायचं. त्याची बायको गुलनार म्हणायची, "ह्याइच्या पायाले अल्लानंच भिंगरी बांधून धाडलं, मी काय करू?"

हिवाळा आला की ही भिंगरी जास्तच जोरात फिरायची. कापूस जिनात गेला, ज्वारी घरात आली, की गावोगाव शंकरपट भरत. वऱ्हाड तेव्हा नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं. दुकानात त्यावर कुणी वाद घालू लागलं की अन्सार हात जोडायचा. "राज्य कोणाचंबी असू दे बाप्पा, महागावच्या पटात कोणाची जोडी निघाली ते सांग."

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. दोन जोड्या शेजारी शेजारी आखलेल्या वाटांवरून सुटतात, मागं बाभळीच्या लाकडाची हलकी छकडी, आणि तिच्यावर एक माणूस. त्याला धुरकरी म्हणतात. बैल पाटलांचे, बक्षीस पाटलांचं, डोक्यावरचा फेटाही शेवटी पाटलांच्याच खुंटीवर जायचा. हातपाय मोडून घ्यायचे तेवढे धुरकऱ्यानं. पण माणसं बैलवाल्याला बघायला येत नसत. ती धुरकऱ्याला बघायला येत.

त्या काळात यवतमाळकडच्या पटांत दोन धुरकऱ्यांची नावं एका दमात घेतली जात. एक भावसिंग, महागावकडच्या तांड्यावरचा, उंच, वाळक्या अंगाचा, बोलायचं म्हणजे याच्या जिवावर यायचं. तो बबनराव पाटलांची जोडी हाकायचा. दुसरा राळेगावचा हबीब, बुटका आणि तोंडाचा फटकळ. तो विठ्ठलरावांच्या जोडीवर असायचा. एका पटात हा जिंकला की पुढच्यात तो. एकमेकांना हरवण्यासाठी दोघं जिवाचं रान करत, आणि पट संपला की एकाच झाडाखाली एकाच बिडीवर दम मारत.

पण त्यांची खरी ख्याती वेगळ्याच गोष्टीची होती. एका वर्षी भावसिंगच्या बाजूच्या काही लोकांनी बोभाटा केला की, हबीबची माणसं रात्रीतून जोती कापून ठेवतात. जोतं म्हणजे बैलाची मान जुवाला बांधणारा पट्टा. तो धावताना सुटला तर धुरकरी बैलांच्या पायाखाली जातो. भावसिंग सरळ हबीबकडं गेला आणि म्हणाला, "आज मायी जोडी तू जुप." हबीबनं जुपली. मग हबीब म्हणाला, "मंग मायी कोण जुपंल? तुहा बाप?" भावसिंगनं हबीबची जुपली. तेव्हापासून तो रिवाजच पडला. प्रत्येक शर्यतीआधी दोघं एकमेकांची जोडी जुपायचे, आणि तेवढा वेळ सगळा माळ गप्प व्हायचा. शर्यत कोण जिंकलं हे लोक वर्षभरात विसरत, पण वैऱ्याच्या हातनं जोतं बांधून घेणारी ही दोन माणसं कुणी विसरत नसे.

अन्सारच्या दुकानात तर दोन फळ्याच पडल्या होत्या. हबीबवाले दुकानाच्या दाराच्या डावीकडं उभे राहत, भावसिंगवाले उजवीकडं. ह्यावरून एका घरात भाऊ भाऊ वेगळे निघाले असंही सांगतात. सांगणारे घाटंजीचेच, तेव्हा निम्मं सोडून द्यावं. अन्सार मुसलमान म्हणून हबीबचा असणार असं नवखा माणूस धरून चालायचा. अन्सार म्हणायचा, "मी दोघाइचा." लोक हसत. दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? पण अन्सार खरं तेच बोलत होता. एकटा हबीब किंवा एकटा भावसिंग त्याच्या मनात येतच नसे. दोघं जोतं बांधत असताना त्याला जसं भरून यायचं, तसं निकाहाच्या दिवशीसुद्धा भरून आलं नव्हतं. हे गुलनारला माहीत होतं आणि तिनं ते माफ केलं होतं.

मग साठ सालचा माघ आला. भावसिंगचं वय होत चाललं होतं. आदल्या हंगामात तो छकडीवरून पडला होता आणि उजवा गुडघा पुन्हा धड बसला नव्हता. त्या वर्षी तो हरत होता, हबीबशीही आणि इतरांशीही. बबनरावांनी कापसाच्या बाजारात चारचौघांत सांगून टाकलं, "घाटंजीचा पट हारला तं मायी जोडी दुसऱ्याच्या हाती."

बातमी दुकानात पोचली आणि दोन्ही फळ्या एक झाल्या. धुरकऱ्याच्या हातून कासरा एकदा सुटला की तो परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भावसिंगला शेत नव्हतं आणि दुसरं कामही येत नव्हतं. आणि घाटंजीच्या पटात त्याची गाठ पडणार होती ती नेमकी हबीबशी.

अन्सारचं खाणंपिणं उडालं. एका सायकलचं चाक त्यानं दुसऱ्या सायकलला बसवून दिलं. गुलनार म्हणाली, "हारन तं हारन. तुमचं काय जाते त्यात?"

"मंग हबीब कोणासंगं धावंल?" अन्सार म्हणाला.

पटाच्या आदल्या दुपारी तो दुरुस्तीला आलेल्या एका सायकलवर टांग मारून माळावर गेला. जोड्या येऊन उतरल्या होत्या. हबीब एका मोहाच्या झाडाखाली बैलांचे पाय तेलानं चोळत होता.

"हबीबभाई," अन्सार म्हणाला, "उद्या कासरा जरासाक आखडून धरजो."

हबीबचे हात थांबले. "तुले मालूम हाय का, काय मांगून राह्यला तू?"

"भावसिंगची रोटी मांगून राह्यलो."

"त्यानं धाडलं तुले?"

"नाई. त्याले कळलं तं माया गळाच धरंल तो."

"मंग त्याले जे नको, ते तू त्याच्यासाठी कायले मांगतं बे?"

अन्सार झाडाभोवती एक चक्कर मारून आला. मग म्हणाला, "तो गेला ना हबीबभाई, तं तू बी अर्धाच राह्यशीन."

यावर काहीतरी झणझणीत येईल म्हणून तो खाली मान घालून उभा राहिला. पण फटकळ हबीब पुन्हा बैलाचा पाय हातात घेऊन चोळत बसला. अन्सार सायकल हातात धरून चालत गावाकडं निघाला. हबीब हो म्हणाला की नाही म्हणाला, हे त्याला कळलं नव्हतं, आणि आपल्याला काय हवं होतं हेही आता कळेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी माळावर माणूस मावत नव्हता. लोक बैलगाड्यांच्या जुवांवर आणि बाभळींच्या फांद्यांवर चढले होते. हबीब भावसिंगची जोडी जुपायला आला तेव्हा नेहमीसारखा माळ गप्प झाला. जोतं बांधताना हबीब भावसिंगला काहीतरी चावट बोलायचा आणि भावसिंग ओठ दाबून हसायचा, हे सगळ्यांच्या ओळखीचं होतं. त्या दिवशी हबीब खाली बघून गाठ मारत राहिला.

झेंडी पडली. दोन्ही जोड्या सुटल्या, धुळीचा लोट उठला. अर्ध्या वाटेपर्यंत बैलांची शिंगं एका रेषेत होती. शेवटच्या टप्प्यावर हबीब छकडीवर ताडकन उभा राहायचा आणि बैलांना नाव घेऊन हाळी द्यायचा. ती हाळी ऐकली की अर्धा माळ वेडा व्हायचा. अन्सार कान देऊन उभा होता. टप्पा आला. हबीब बसूनच राहिला.

भावसिंग बैलाच्या अर्ध्या अंगानं पुढं निघाला.

मग काय विचारता! डफडी वाजली, गुलाल उडाला. बबनरावांनी स्वतः भावसिंगच्या डोक्याला फेटा बांधला. दोन्ही फळ्यांची माणसं गळ्यात गळे घालून नाचत होती. अन्सारही नाचायला लागला. दोन-तीन उड्या मारल्या, आणि त्याचे पाय आपोआप थांबले. त्याला हवं होतं तेच झालं होतं, पण ती हाळी आली नाही हे त्यानं ऐकलं होतं. आणि शेजारच्या छकडीवरच्या माणसाला ते ऐकू आलं नसेल, हे शक्यच नव्हतं.

भावसिंग गर्दी बाजूला सारत, लंगडत हबीबकडं गेला. आता मिठी पडणार म्हणून लोकांनी कडं केलं.

"उभा काहून नाई राह्यला?" भावसिंगनं विचारलं.

"पाय घसरला."

"तुहा?" भावसिंग म्हणाला. त्यानं डोक्यावरचा फेटा काढला आणि हबीबच्या छकडीवर ठेवला. "हे मायं नाई."

हबीबची मान वर झाली नाही. लोकांना काही उमगेना. बबनराव दूर, त्यांचा वाजतगाजत दुसराच घोळका होता. एवढ्या माणसांत दोघांमध्ये काय तुटत होतं हे एकट्या अन्सारला दिसत होतं. दोघांना जोडून ठेवायला निघालेला माणूस, आणि तोडलं त्यानंच. करायला गेला गणपती, झाला मारुती. गर्दीत गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण गप्प राहणं हे कधी अन्सारला जमलं होतं?

"म्या सांगतलं त्याले," तो पुढं होऊन म्हणाला. "त्याची काई गलती नाई भावसिंग. म्या सांगतलं."

भावसिंगनं त्याच्याकडं पाहिलं. गळा धरला नाही. धरला असता तर बरं झालं असतं, असं अन्सारला त्या क्षणी फार वाटलं.

"उद्या दिवस निघाला की इथंच येजो," भावसिंग म्हणाला. "हबीब, तू बी. चौथं कोणी नको."

सकाळी माळावर शेंगांची टरफलं आणि विझलेल्या बिड्या पडल्या होत्या. बैलांना फिरवायला नेतो असं सांगून दोघांनी आपापल्या जोड्या आणल्या होत्या. त्यांनी एकमेकांची जोती बांधली. भावसिंगनं अन्सारला वाटेच्या शेवटाला, अगदी रेघेवर उभं केलं.

"इथून दुपट्टा हालवजो, आम्ही तिकून सुटू. पयले कोण आलं ते तू सांगशीन."

"मी कायले? मले नोको सांगू हे काम," अन्सार म्हणाला.

"तूच. आमाले धुरळ्यात दिसत नाई."

अन्सारनं दुपट्टा हलवला. लांबवर दोन ठिपके हलले, मोठे होत आले. ना डफडं, ना माणूस. नुसता खुरांचा आवाज. शेवटच्या टप्प्यावर हबीब उभा राहिला आणि त्यानं बैलांना हाळी दिली. आणि अन्सारनं कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं: मोडक्या गुडघ्यावर भावसिंगसुद्धा उभा राहिला होता आणि ओरडत होता. दोघं ओरडत होते, दोघं दात काढून हसत होते, आणि जोड्या अशा येत होत्या की मध्ये पातं सरकवायला जागा नाही. आयुष्यात याहून सुंदर काही आपल्याला दिसणार नाही, हे अन्सारला तिथं उभ्या उभ्या कळलं. मग धूळ त्याच्या अंगावरून गेली.

रेघेवर तो एकटाच होता. हबीबचा बैल नाकभर पुढं होता. नाकभरच. हे जगात दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं.

दोघं जोड्या वळवून परत आले. भावसिंग छकडीवरून उतरला, गुडघा धरून उभा राहिला. "सांग."

अन्सारच्या जिभेवर 'बराबर' हा शब्द आयता आला होता. बराबर म्हटलं की कुणीच हरलं नसतं. भावसिंगची जोडी राहिली असती, दोघांची दोस्ती राहिली असती, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पट. दोघांच्या माणसाला दुसरं काय हवं? त्यानं तोंड उघडलं, आणि भावसिंगचा चेहरा बघितला. त्या चेहऱ्यावर जिंकायची आशा होती, खरीखुरी, हरण्याइतकीच खरी. अशा माणसाशी खोटं बोलायचं म्हणजे काल जे केलं तेच आज पुन्हा करायचं.

"हबीब," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," भावसिंग म्हणाला.

"हबीब!" अन्सार ओरडला. रिकाम्या माळावर ते नाव लांबपर्यंत गेलं. आणि मग त्याला हुंदका आवरेना. तो भावसिंगच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्यानं रडायला लागला. पलीकडं हबीब बैलाच्या मानेत तोंड खुपसून उभा होता.

"रडतं काहून बे? लय मजा आली," भावसिंग म्हणाला आणि त्याची पाठ थोपटू लागला. हरला होता भावसिंग, आणि समजूत तो अन्सारची घालत होता. ऊन वर आल्यावर तो एकटाच जोडी घेऊन बबनरावांकडं गेला आणि कासरा त्यांच्या ओसरीवर ठेवून तांड्याच्या वाटेला लागला.