झिनियाच्या लांब दांड्या

फ्रेंड्स, आज मी जाम चिडलेय. ऐका जरा.

दोन महिने झाले, आमच्या घरामागच्या कोल्लैत, म्हणजे परसात, मी कटिंग गार्डन करतेय. झिनिया आणि कॉसमॉस लावलेत. फुलं लांब दांडीसकट कापायची, बुके करायचा, एवढाच प्लॅन. पहिला बुके आज पापनाशमला माझ्या मैत्रिणीच्या, दिव्याच्या साखरपुड्यात द्यायचा होता. प्रॉमिस केलं होतं मी!

सकाळी कात्री आणि पाण्याची बादली घेऊन मागे गेले, तर एकाही झाडावर फूल नाही. नुसत्या दांड्या उभ्या!

घरात आले. सगळी झिनिया देवांच्या डोक्यावर. एक आईच्या वेणीत.

"आई, काय केलंस गं हे?"

"काय केलं? आज शुक्रवार. कोल्लैत एवढी फुलं असताना बाजारातून आणू होय?"

"अगं, ती दिव्यासाठी होती! दांडीसकट हवी होती मला!"

"दांड्यांना मी हातही लावला नाही गं कण्णा," आई शांतपणे म्हणाली. "सगळ्या तुला ठेवल्यात."

शेवटी बसस्टँडवरून मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा घेतला आणि पापनाशम गाठलं. दिव्याने तो लगेच माळला. बुकेचं तिने विचारलंसुद्धा नाही!

आत्ता येऊन बघितलं, अकरा कळ्या उरल्यात. मंगळवारपर्यंत उमलतील. आणि मंगळवारही देवीचाच वार.

तुमच्या घरी कधी देवाच्या आधी फुलदाणीला फुलं मिळालीत का? आईला काय सांगितलंत, प्लीज लिहा. सोमवारच्या आत.