बोल्टच्या भोकातले आटे गेले आणि बाबा म्हणाले, गाडी विकू

मंडळी, हात अजून ऑइलने काळे आहेत, पण आधी हे लिहिते.

आमच्या जुन्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन खड्ड्यांत खडखडायचं. बाबा पूर्वी गाडीचं सगळं काम स्वतः करायचे. हात थरथरायला लागले तसं त्यांनी पान्याला हात लावणंच सोडलं. म्हणून आज मीच सस्पेन्शनचे झिजलेले रबरी बुश बदलायला घेतले. शेवटचा बोल्ट आवळताना तो नुसताच फिरत राहिला. बॉडीतल्या भोकातले आटे गेले होते.

पायरीवर बसलेले बाबा म्हणाले, "राहू दे गं. विकून टाकू आता गाडी."

त्यांचा तो स्वर ऐकून मला जिद्दच चढली. "विकायची नाही. तुम्ही सांगा, मी करते."

सातपूरहून आटे पाडायचा टॅप आणि मोठं केलेलं भोक पुन्हा जुन्या बोल्टच्या मापाचं करणारी तारेची गुंडाळी आणली. ड्रिलने भोक जरा मोठं केलं, टॅप लावला. बाबा उठून माझ्या शेजारी येऊन बसले.

"जोर नको लावू. थोडं पुढे, थोडं मागे. तेल सोड."

टॅप मध्येच अडकला, हात भरून आले, पण नवे आटे पडले. त्यात गुंडाळी बसवली आणि बोल्ट घट्ट बसला!

नाशिक रोडच्या स्पीडब्रेकरवरून गाडी मुकाट गेली. बाबा कान देऊन ऐकत होते. जरा वेळाने म्हणाले, "मागचे शॉक ॲब्सॉर्बरही गेलेत बरं का."

तर मंडळी, कोणी ते घरी बदलले असतील तर काय जपायचं ते सांगा. बाबा विचारतायत.