अक्कलकोटच्या स्टँडवर खिडकीतून दिलेली सुशी

भुताखेतांवर माझा विश्वास बसणंच शक्य नव्हतं... आईचं पांढरं पातळ पांघरून गल्लीतल्या निम्म्या बायकांना मीच पळवलेलं! भूत कसं तयार करतात हे जिला ठाऊक, ती कशाला घाबरतेय? — अशी माझी मिजास होती. ती अक्कलकोटच्या एसटी स्टँडवर उतरली. भर दुपारी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमची शाळा सोलापुरात. अक्कलकोटच्या सहलीला स्पेशल गाडी वगैरे चैन नव्हती. बाई पुढे, आम्ही पोरी मागे, आणि मिळेल ती लाल गाडी. मी सातवीत. आई विड्या द्यायला कारखान्यात जायची, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून माझी धाकटी बहीण सुशी — जेमतेम पाच वर्षांची — माझ्यासोबत. निघताना आईने बजावलं, "हिचा हात सुटला तर तू बी घरला येऊ नको."

परतताना स्टँडवर ही गर्दी! आता जागा धरायची आमची रीत सांगते. खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमालाला कुणी जुमानत नसेल तर पिशवी टाकायची. आणि अगदीच खात्री हवी असेल तर... लहान पोर टाकायचं! पोराला कोण उठवणार?

कडेला 'सोलापूर' पाटीची गाडी उभी दिसली. मी सुशीला उचललं आणि मागच्या खिडकीतून आत सरकवलं. आतून दोन हात पुढे आले. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. "बा, मगळे," आवाज आला. ये पोरी. अक्कलकोटात कानडीचं काय नवल? मी तर "थँक्यू मावशी" म्हणाले की!

धावत दाराशी गेले. दार बंद.

"ए पोरी, कुटं चाललीस?" कंट्रोलर ओरडले. "ती बिघडल्याली गाडी हाय. सकाळधरनं हितंच हाय."

"माझी बहीण हाय आत!"

त्यांनी दार उघडलं. आत कुणी नाही. सगळ्या सीटांवर धूळ — एकसारखी, कुणाचं बोटसुद्धा न लागलेली. मी सीटांखाली वाकून पाहिलं, सुशीच्या नावानं किंचाळले... बाई म्हणत होत्या, "अगं, नीट आठव, कुठल्या गाडीत दिलीस?" त्यांचे ओठ पांढरेफटक पडले होते. सुशी गेली. माझ्याच हातानं गेली.

तेवढ्यात मैंदर्गीहून सोलापूरला जाणारी गाडी स्टँडात शिरली. पुढच्या खिडकीत सुशी!

मी दारातच कंडक्टरना धरलं. "ही... ही कुटं बसली?"

"मैंदर्गीला की," ते म्हणाले. "एका बाईच्या मांडीवर हुती. बाई मधीच कुटं उतरली, ध्यानातच आलं न्हाय. लई गुणाचं पोर, रडलं न्हाय बगा."

मैंदर्गी! मैलोन् मैल लांब! आणि तिला उचलून देताना आलेला माझा घाम अजून वाळला नव्हता.

सोलापूर येईपर्यंत मी सुशीचा हात इतका आवळला, की ती भोकाड पसरून रडली. ती रडली तेव्हा कुठे मला धीर आला.

इतकी वर्षं मी तर्क लढवतेय. गाडी ओळखण्यात मी चुकले? कंडक्टर चुकले? एकही तर्क शेवटापर्यंत टिकत नाही. हा किस्सा मी हातवारे करून रंगवते आणि सुशी शेजारी बसून पोट धरून हसते.

मागच्या दिवाळीत असंच सांगून झालं, मंडळी उठून गेली. मी तिला विचारलं, "खरं सांग, ती बाई काय बोलली का गं तुझ्याशी?"

सुशी चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती. "इचारलं की. माझ्यासंगं येतीस, का ताईकडं जातीस?"

"मग? तू काय म्हणालीस?"

तिचा हात थांबला.

"काईच न्हाई, ताई. मी अजून सांगितलंच न्हाई तिला."