पाचव्या पट्टीवरचा मुका षड्ज

बँकेतून रिटायर झालो आणि गिटार शिकायला घेतली. आमच्या माधवनगर वस्तीत या धाडसाचं कौतुक झालं, म्हणजे लोक तोंडावर हसले नाहीत. आईला मात्र हे वाद्य बिलकुल पसंत नव्हतं. ती ब्याऐंशीची, जीभ अजून शाबूत. लग्नात बँडवाले वाजवतात ते घरात कशाला, म्हणाली. मग मी हट्टालाच पेटलो. या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी समाजाच्या दिवाळी पहाटेला तिच्या आवडीचं भजन वाजवायचं आणि तिच्याकडून एकदा तरी 'बरं वाजवलंस' वदवून घ्यायचं.

आठवडा उरला तरी दुसऱ्या तारेवरचा षड्ज काही लागेना. गिटारच्या दांडीवरच्या पाचव्या धातूच्या पट्टीपाशी तार दाबली की नुसतं ठक्क. शेजारचे सूर खणखणीत, हा एकटाच मेलेला, आणि भजनाची प्रत्येक ओळ नेमकी इथेच येऊन टेकायची. आधी बोटांना दोष दिला, मग तार बदलली. मग समाजातले जाणकार जमले. सगळे पेटी-तबलावाले, गिटार कुणी हातात धरलेली नाही, त्यामुळे सल्ले एकदम ठाम होते. एकाच्या मते लाकडाला हवा बाधली होती, दुसऱ्याच्या मते माझं वय. दोघांशीही भांडलो. झाडताना तूच पाडली असशील म्हणून बायकोवरही खाली-पीली डाफरलो.

शेवटी देवास गेटजवळच्या वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने भिंग लावलं, तार उचलली आणि सहाव्या पट्टीला चिकटलेला तांदळाचा तुटका, बारीकसा दाणा काडीने काढून माझ्या तळहातावर ठेवला. पाचव्या पट्टीपाशी दाबलेली तार त्यालाच टेकत होती.

"भाईसाब, पूजा करवाई थी क्या?"

दाण्यावर वाळलेलं गंध होतं. खंडेनवमीला आमच्याकडे विळी, स्कूटर, शिलाई मशीन, सगळ्यांवर गंध-अक्षता पडतात, आणि ती पूजा आईच करते. तिच्या नजरेला नको म्हणून गिटार मी आतल्या खोलीत ठेवली होती. ही बाई तिथे जाऊन पूजा करून आली होती!

तणतणत घरी आलो. नको असलेल्या वाद्याची पूजा कशाला केलीस, म्हणून तिला जाबच विचारला.

"तुझं पोट नसेल त्यावर," आई म्हणाली, "पण जीव आहे ना?"

भांडायचं राहूनच गेलं. गिटार काढली आणि तिच्यासमोर बसून भजन वाजवलं. षड्ज स्वच्छ लागला. संपल्यावर मी आशेने तिच्याकडे बघितलं.

"लय धावते तुझी," ती म्हणाली. "पहिल्यापासून वाजव परत."