नव्या ब्रेकचा आवाज

"वस्तू बोलली, की आधी ऐकून घ्यायचं," असं मशीनकाका ज्याला त्याला सांगायचे. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. मशीन उघडण्यापूर्वी ते चाक हाताने सावकाश फिरवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. शिवणकाम करणाऱ्या बायका म्हणायच्या, "काका, दुरुस्त करताय की झोप काढताय?" काका लांब चोचीच्या कुपीतून तेलाचा एक थेंब नेमक्या जागी सोडायचे, आणि इतका वेळ तक्रार करणारं मशीन गुमान चालू लागायचं.

त्यांची लेक दवाखान्यात नर्स होती. रोज गाडीने जायची, रोज तो लांबलचक उतार उतरायची. मध्यंतरी ब्रेक दाबला, की पेडल पायाखाली थरथरायला लागलं. गॅरेजवाला म्हणाला, "पॅड संपलेत, डिस्कवर चरे पडलेत. रोजचा उतार आहे तुमचा, जरा वरचा माल घाला." तिने पुढच्या दोन्ही चाकांना भारी पॅड आणि नव्या डिस्क बसवून घेतल्या.

दुसऱ्या सकाळी गाडी अंगणातून निघाली, ती किंचाळतच. काका हातातला चहा विसरले.

"जुने ब्रेक गप्प होते, ते म्हणे धोक्याचे," ते संध्याकाळी लेकीला म्हणाले, "आणि हे बोंब मारतात, ते चांगले?"

"झकास लागतात, बाबा. थोडे दिवस आवाज येणार. तुम्ही नका हात लावू."

काका गप्प बसले. पण कान कुठे गप्प बसतो? रोज सकाळी ती किंकाळी त्यांच्या काळजात जायची. पोरगी उतारावर, आणि चाक ओरडतंय. ऐकून सोडून देणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. सुट्टीच्या दुपारी लेक झोपलेली असताना ते चाकापाशी उकिडवे बसले. चाकाच्या फटीतून कुपीची चोच आत घातली आणि त्या चकचकीत डिस्कवर थेंब सोडले. एका बाजूला, मग दुसऱ्या. मागच्या चाकांकडे ते गेले नाहीत. ती कुठे काय बोलत होती?

सकाळी लेकीने गाडी काढली. फाटकाशी ब्रेक दाबला. चूं की चां झालं नाही. काकांचा चेहरा खुलला. तेवढ्यात गाडी न थांबता तशीच रस्ता ओलांडून गेली आणि समोरच्या घराच्या कुंपणात तोंड खुपसून उभी राहिली.

लेक खाली उतरली. तिला काही लागलं नव्हतं. तिने तेलाने माखलेल्या चाकाकडे पाहिलं, मग बापाच्या बोटांकडे. उतार तिथून हाकेच्या अंतरावर सुरू होत होता. तिने गॅरेजवाल्याला फोन लावला. काकांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

गॅरेजवाल्याने तेल प्यायलेले पॅड काढून टाकले, डिस्क धुऊन घेतल्या आणि पुन्हा नवे पॅड चढवले.

"काका, पॅडने डिस्कला घासणं, हेच ब्रेकचं काम," तो म्हणाला. "तुम्ही त्याला घासूच दिलं नाही."

"आता आवाज येणार नाही?"

"येणार की. सकाळी थंड असताना येणारच."

"म्हणजे काय सांगतोय तो?"

गॅरेजवाला घोटाळला. "काही सांगत नाही, काका. नुसता आवाज आहे."

नुसता आवाज. काकांनी तो शब्द मनातल्या मनात दोन-तीनदा फिरवून पाहिला, कुठे बसेना. आवाज आहे आणि दुखणं नाही, असं कसं? आणि शांतता होती, तेव्हा तर पोरगी जिवानिशी जात होती. मग गेली इतकी वर्षं आपण ऐकत होतो, ते खरं होतं की तेही नुसतंच?

"बसा बाबा," लेक म्हणाली. तिचा आवाज आता मऊ झाला होता. "घरी सोडते. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला हवेत, हळूहळू ब्रेक मारत जाऊ."

त्यांनी दारावर हात ठेवला, मग काढला. "तुला भीती नाही वाटत?"

"ब्रेकची नाही."

"माझी?"

तिने गाडी सुरू केली. "कुपी घरात ठेवा, म्हणजे झालं."

काका मान हलवत राहिले. ती होकाराची की नकाराची, त्यांनाही सांगता आलं नसतं. "तू हो पुढे," ते म्हणाले. "मी येतो चालत."

ते रस्त्याच्या कडेने निघाले. थोडं गेल्यावर, घर कुठल्या बाजूला ते विसरल्यासारखे उभे राहिले, मग वळणावर दिसेनासे झाले. लेक गाडी घेऊन रस्त्यावर आली होती. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तरी ती ब्रेकवर पाय ठेवून त्या वळणाकडे पाहत होती.