अक्काचं पाणी डोंगर चढून येतं

मीटरभाऊंचा एक नियम होता. पाण्याच्या मीटरच्या खड्ड्याचं झाकण उचलायचं, काच पुसायची, घरातल्या माणसाला हाक मारून आकडा वाकून बघायला लावायचा आणि मगच वहीत लिहायचा. एकतीस वर्षांत कुत्र्यांनी त्यांच्या तीन विजारी फाडल्या. एका म्हाताऱ्याने तर मीटरवर भोपळ्याचा वेल चढवला होता. भाऊंनी पानं बाजूला सारून म्हाताऱ्यालाच गुडघ्यावर बसवलं. नियम काही सोडला नाही. सोडला तो एकाच दारात, थोरल्या बहिणीच्या.

"मेल्या, तुला न्हाऊमाखू घातलं मी, आणि आता तुझा आकडा तपासायला वाकू?" अक्का म्हणायची. भाऊ गुपचूप लिहून घ्यायचे.

तिथेच घात झाला.

दोघांची घरं समोरासमोर, मध्ये दहा पावलांचा रस्ता. पण तो रस्ता म्हणजे हद्द. भाऊंच्या रांगेला पाणी नदीवाल्या कंपनीचं, अक्काच्या रांगेला डोंगरवाल्या कंपनीचं. आकडे घ्यायचं काम मात्र दोन्हीकडचं भाऊंकडेच. एक दिवस अक्का भावजयीकडे कात्री मागायला गेली, तर टेबलावर पाण्याचं बिल पडलेलं. भावाच्या घरात पाच माणसं, अक्का एकटी जीव. आणि तरी बिल अक्काच्या बिलापेक्षा कमी!

अक्काने कात्री होती तिथे ठेवली. "मला आकडा दाखवत नव्हतास तो याचसाठी होय रे?" म्हणाली आणि गेली ती गेलीच. रोज संध्याकाळी भावजयीशी गप्पा छाटायला येणारी बाई चार महिने फिरकली नाही. भाऊंना घास गोड लागेना. अख्ख्या गावाने त्यांच्या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि शंका घेतली कुणी, तर हाताने भरवणारीने.

पुढच्या खेपेला अक्का चष्मा लावून स्वतः वाकली. आकडा बरोबर होता, आणि इवलासा.

"आकडा खरा असेल. मग कागद खोटा."

"कागदही खरा आहे, अक्का. दर वेगळा आहे."

"का? माझ्या पाण्याला शिंगं आहेत?"

"तुझं पाणी चढून येतं."

"एका पातळीत घरं आपली. चढतंय कुठे?"

"डोंगराच्या पलीकडून चढतं, मग अलीकडे उतरतं."

"मग उतरायचे पैसे परत देतात का?"

भाऊंनी सरळ एक दिवस रजा टाकली आणि तिच्या दारात उभे राहिले. "चल, दाखवतो. तिकीट मी काढतो."

"काढशीलच. पैसे वाचतायत ना तुझे," अक्का म्हणाली, पण चपला घातल्या.

डोंगरापलीकडचं पंपघर म्हणजे एक खोली, दोन यंत्रं आणि कानात कापूस घातलेला एक पंपवाला. त्याने अक्कालाही कापूस दिला. झाडाच्या बुंध्याएवढा पाइप मागच्या भिंतीतून निघून सरळ माथ्यावरच्या टाकीकडे गेला होता. मान मागे टाकून बघताना अक्काचा पदर घसरला.

"रात्रंदिवस चालतं हे?"

"रात्रंदिवस, बाई. विजेचं बिल बघाल तर भोवळ येईल."

"आणि पाणी पिणारी घरं किती?"

"सहाशे."

भाऊ ओरडून म्हणाले, "आमच्याकडे चाळीस हजार! नदीचं पाणी गढूळ, ते साफ करायला खर्च येतो. पण नदी उशालाच आहे, आणि तो खर्च चाळीस हजार घरांत वाटला जातो. तुमची वीज, पाइप, ही माणसं, सगळं सहाशे घरांवर! तो भार दर घराला सारखाच, म्हणून तू नळ उघडला नाहीस तरी तुझं निम्मं बिल येणारच."

इतक्यात पंपवाल्याने एक यंत्र बंद केलं, दुसऱ्याची पाळी होती म्हणून. एकदम शांतता पसरली. भिंतीवरच्या तबकडीतला काटा झरझर खाली आला. दुसरं यंत्र गुरगुरलं आणि काटा जड बादली ओढल्यासारखा सावकाश वर चढू लागला. अक्का तो जागेवर पोचेपर्यंत हलली नाही.

"बारा वर्षं झाली," पंपवाला म्हणाला, "हे बघायला कुणी आलं नव्हतं."

"जेवलास का रे?" अक्काने विचारलं.

संध्याकाळी दोघं बसने परतली. दोन घरांमधल्या रस्त्याच्या मधोमध अक्का थबकली आणि आपल्या दाराकडे न वळता तडक भावाच्या स्वयंपाकघरात शिरली. भावजय पीठ भरल्या हातांनी बघतच राहिली. अक्काने नळ सोडला, अर्धा पेला प्यायली आणि तोंड वाकडं केलं.

"पांचट! नुसतं आडवं वाहत आलेलं. आमचं बघ, डोंगर चढून येतं, म्हणून चव आहे त्याला." मग खुर्ची ओढून बसली. "आणि त्या डोंगरवाल्यांना अर्ज लिही माझ्या नावाने. एकट्या बाईवर आणि भरल्या घरावर पाइपचा भार सारखाच का म्हणून? काहीतरी कमी करा म्हणावं."

"लिहितो," म्हणून भाऊ पेन शोधायला आत गेले, ते बराच वेळ बाहेर येईनात.

"रडत असेल मेला," अक्का भावजयीला म्हणाली. "लहानपणापासून असाच आहे."