पडदा बंद करून

आमच्या बोरीवलीत एक जुनं वाचनालय आहे. त्याच्या माडीवर रविवारी सकाळी मी आणि माझी एक मैत्रीण लोकांना मराठी ऑनलाइन ज्ञानकोशात लिहायला शिकवतो. हा ज्ञानकोश कुणीही वाचावा आणि कुणीही त्यात भर घालावी असा. पगार कुणालाच नाही. मी बँकेतून लवकर निवृत्त झाले, मैत्रीण मुलुंडहून येते आणि एरवी लोकांचे इन्कम टॅक्स भरते. आमच्याकडे येणारे बहुतेक निवृत्त लोक, नाहीतर मुलं मोठी झालेल्या बायका. शिकवणं तसं सोपं होतं. भिंतीवर प्रोजेक्टर लावायचा, माउसचा बाण फिरवायचा आणि सांगायचं, "इथे क्लिक करा."

एका रविवारी पांढरी काठी टेकत एक काका जिना चढून आले. पासष्टीच्या पुढचे, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होते, जन्मापासून अंध. मागच्या बाकावर बसले, लॅपटॉप उघडला, एका कानात हेडफोन घातला आणि ऐकू लागले. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला.

"मॅडम, इथे म्हणजे कुठे?"

मी म्हटलं, "वर, उजव्या कोपऱ्यात. निळ्या अक्षरांत."

बोलून गेल्यावर जीभ चावली. काका मात्र शांतपणे म्हणाले, "माझ्या लॅपटॉपला कोपरे नाहीत. तो वरपासून खालपर्यंत एका सुरात वाचत सुटतो. कुठे थांबायचं तेवढं सांगा."

ते मला सांगता आलं नाही. त्या दिवशी त्यांचं ज्ञानकोशातलं खातंसुद्धा उघडेना, कारण चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहिल्याशिवाय यंत्र पुढे जाऊ देत नव्हतं. शेवटी मैत्रिणीने ती वाचून दाखवली. काका हसले. "म्हणजे दारातच डोळे मागतात."

घरी जाताना मैत्रीण म्हणाली, "यार, आपल्याला हे येत नाही गं. त्यांना दुसरीकडे कुठे तरी पाठवू या."

"दुसरीकडे कुठे?" मी विचारलं. मग मीच शिकायचं ठरवलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घातलं, माउस कपाटात ठेवला आणि पडद्याचा उजेड पार घालवून टाकला. पहिल्या दिवशी माझी वाट लागली. त्या सॉफ्टवेअरमधली बाई धडाधड वाचत सुटायची आणि मी कुठल्या पानावर आहे तेच मला कळेना. चिडून एकदा लॅपटॉप मिटून चहा करायला उठले. पण हळूहळू कान तयार झाला. एच दाबलं की पुढचं शीर्षक येतं, के दाबलं की पुढचा दुवा, हे बोटांना समजलं. पुढच्या काही रविवारी वर्ग लागायच्या आधी तासभर मी काकांबरोबर बसायचे. टायपिंगमध्ये ते माझ्यापेक्षा कितीतरी चपळ होते. अडत होतं ते फक्त वाटेवर.

वाट सापडल्यावर त्यांनी स्वतःचा विषय काढला. ज्ञानकोशात 'टेलिफोन ऑपरेटर' या नावाचा दोन ओळींचा लेख होता. काकांनी तो पानभर केला. टेलिफोनच्या जुन्या बोर्डावर फोन आला की त्या लाइनची छोटी झडप खट्‌कन पडायची, बोटाने चाचपून ती कुठली ते ओळखायचं, तिथे वायरच्या टोकाची पिन खोचायची, ही झडप अंधांसाठीच मुद्दाम केलेली, सगळं लिहिलं. मला वाचायला इतकं छान वाटलं की मी काहीच हरकत घेतली नाही.

दोन दिवसांत तो सगळा मजकूर उडाला. दूरच्या एका गावातल्या संपादकाने काढून टाकला होता. खाली कारण लिहिलं होतं: संदर्भ नाही, वैयक्तिक अनुभव चालत नाहीत.

काकांचा फोन आला. रागावले की ते थेट मालवणीत शिरायचे. "जन्म गेलो माझो त्या बोर्डार! आणि ह्यो माका संदर्भ इचारता? मीच संदर्भ!"

"काका, नियम तसाच आहे," मी म्हटलं. "आपण म्हणतो म्हणून लिहायचं नाही, कुठेतरी छापलेलं हवं. चूक माझी, मी आधी सांगायला हवं होतं."

मग साध्या आवाजात ते म्हणाले, "छापलेलं मी वाचू शकत नाही."

"मी वाचते ना."

"मग शोधा. मी सोडणार नाही."

मैत्रीण आणि मी कामाला लागलो. गोरेगावातल्या एका रद्दीवाल्याकडे टेलिफोन खात्याच्या प्रशिक्षणाचं जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं. आमच्याच वाचनालयात जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात अंध ऑपरेटरांवरचा एक मराठी लेख निघाला. आत मोठ्याने वाचलं तर ग्रंथपाल बाई डोळे वटारायच्या, म्हणून आम्ही जिन्याच्या पायरीवर बसायचो. मी वाचायचे, काका टाइप करायचे, मैत्रीण पान क्रमांक तपासायची.

एका सकाळी मी झडपांच्या बोर्डाचं प्रकरण वाचत होते. तसे बोर्ड फार जुने, टेलिफोनच्या सुरुवातीच्या काळापासूनचे आणि सगळ्याच ऑपरेटरांसाठी होते, असं त्यात होतं. काकांची बोटं थांबली.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"ऑफिसातल्या साहेबांनी मला सांगितलं होतं," ते म्हणाले, "की ही झडप तुमच्यासारख्यांसाठी मुद्दाम केलीय. नोकरीभर मला तसंच वाटत होतं. कुणीतरी आपला विचार करून बनवलीय म्हणून."

मैत्रीण हळूच म्हणाली, "काका, पुस्तकातलं ते वाक्य नुसतं गाळू या. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल ना," ते म्हणाले. त्यांनी आपलं जुनं वाक्य शोधून पुसलं आणि पुस्तकातलं लिहिलं. पान क्रमांकासकट.

लेख परत चढवला तेव्हा त्यांनी लेखाच्या चर्चा पानावर त्या संपादकाला स्वतः निरोप लिहिला: प्रत्येक वाक्याला आधार दिला आहे, जे चुकलं असेल ते दाखवा, पण आख्खं उडवू नका. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. एका परिच्छेदाला आणखी संदर्भ मागितला होता, दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'लेख चांगला झाला आहे. उरलेला संदर्भ मिळाला की कळवा.' काकांनी ते मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. मासिकांच्या गठ्ठ्यात तो संदर्भही मिळाला.

आता काका अंधेरीत, त्यांच्या ओळखीच्या एका संस्थेच्या खोलीत स्वतः वर्ग घेतात. पहिल्या वर्गाला मी आणि मैत्रीण मागे बसलो होतो. प्रत्येकाच्या लॅपटॉपमधली बाई एकाच वेळी बोलत होती, नुसता कोलाहल. काकांनी टाळी वाजवून सगळ्यांना हेडफोन लावायला लावले. मढहून आलेल्या एका ताईंना आपल्या कोळीवाड्यावर लिहायचं होतं. त्या उत्साहाने सांगू लागल्या तसं काकांनी त्यांना मधेच थांबवलं.

"ताई, तुम्ही सांगताय ते खरंच असणार. पण छापलेलं काय आहे?"

"त्ये मना काय म्हाइत?" ताई फणकारल्या.

काका आमच्या दिशेला वळले. "ह्या दोघी वाचून दाखवतील. त्यांना रविवारी सकाळी दुसरं काम नसतं."

मैत्रिणीने माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला आणि पर्समधून फोन काढून मढवर कुठली पुस्तकं आहेत ते शोधायला लागली.